पत्र्याच्या डब्यातली दहा पाकिटं

(दृश्य: स्वयंपाकघरातलं टेबल. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा उघडतो.)

या डब्यात आधी बिस्किटं होती. मग सुईदोरा आणि बटणं आली. २०२३च्या नोव्हेंबरपासून त्यात ही पाकिटं आहेत. दहा. सगळी एकाच दिवसाच्या एकाच गाडीबद्दल.

गाडी माझी. गाव इंग्लंडमधलं, रेडिंगपासून वीसेक मैलांवरचं. गावाबाहेर दुकानांची रांग आहे, समोर मोठा वाहनतळ. दोन तास फुकट. त्या दिवशी सकाळी ८ वाजून ४० मिनिटांनी मी तिथे एक पार्सल टाकायला गेलो. दहा मिनिटांत बाहेर. संध्याकाळी घरी येताना दूध संपल्याचं आठवलं, पुन्हा वळलो. ५ वाजून ५२ मिनिटांनी दूध घेऊन बाहेर पडलो.

सतरा दिवसांनी पहिलं पाकीट आलं. आत दोन फोटो. सकाळी शिरताना एक, संध्याकाळी निघताना एक. खाली हिशेब: मुक्काम ९ तास १२ मिनिटं. आकार १०० पौंड, १४ दिवसांत भरलेत तर ६०.

(दृश्य: खांबावरचा कॅमेरा, त्याखालून जाणाऱ्या गाड्या.)

हा कॅमेरा नंबरप्लेट वाचतो. गाडी आली, वेळ टिपली. गाडी गेली, वेळ टिपली. मधलं एखादं जाणं-येणं त्याच्या नजरेतून सुटलं, पुढे मोठा ट्रक असला, प्लेटवर ऊन चमकलं, तर यंत्र दिवसातलं पहिलं येणं आणि शेवटचं जाणं एकमेकांना जोडून मोकळं होतं. माझ्या दोन खेपांची एक खेप झाली ती अशी. या चुकीला इथे नाव आहे, "डबल डिप". म्हणजे चूक इतकी जुनी की तिचं बारसंही होऊन गेलंय.

पत्रावर मोठ्या अक्षरांत पीसीएन. नगरपालिकेच्या दंडाच्या पावतीवरही हीच तीन अक्षरं असतात. तिथे पीचा अर्थ "पेनल्टी", दंड. इथे पीचा अर्थ "पार्किंग". आमच्यासारखा माणूस, ज्याने पुण्यात टेम्पोवरच्या भोंग्यातून आपल्या स्कूटरचा नंबर ऐकलाय आणि उचललेली गाडी सोडवायला धावत गेलाय, तो ही अक्षरं बघून थेट पोलिसांपर्यंत पोचतो. पण हा गुन्हा नाही आणि दंडही नाही. एका खाजगी कंपनीने पाठवलेलं ते बिल आहे. म्हणणं एवढंच की आमची पाटी तुम्ही वाचलीत, गाडी लावलीत, म्हणजे करार झाला, आणि करार तुम्ही मोडलात.

माझा पत्ता त्यांना कुठून मिळाला? स्वान्सीच्या डीव्हीएलएकडून. गाड्यांची नोंद ठेवणारं हे सरकारी खातं कंपन्यांना गाडी कुणाच्या नावावर आहे ते सांगतं, दर चौकशीला अडीच पौंड घेऊन. वर्षाला अशा चौकशा एक कोटीच्या वर जातात.

(दृश्य: फोनवर व्हॉट्सॲपचे संदेश सरकतात.)

त्या रात्री दोन सल्ले मिळाले. पहिला आईचा, सांगलीहून. आई पौंडाला शंभराने गुणते. "सहा हजार? भरून टाक बाबा. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये." दुसरा इथल्या मराठी ग्रुपवरचा: "फाडून फेक, काही होत नाही."

दुसऱ्या सल्ल्यात एके काळी तथ्य होतं. गाडी कोण चालवत होतं हे कंपनीला माहीत नसायचं, आणि करार असलाच तर तो चालवणाऱ्याशी. १ ऑक्टोबर २०१२ला इंग्लंड आणि वेल्समध्ये कायदा बदलला. खाजगी जागेत चाकाला लोखंडी जबडा अडकवणं बंद झालं, आणि त्याच्या बदल्यात कंपन्यांना एक हत्यार मिळालं: चालक कोण ते कळलं नाही तर ज्याच्या नावावर गाडी आहे त्याच्याकडून पैसे मागता येतात. मात्र अटी आहेत. काचेवर तिकीट चिकटवलेलं नसेल तर पत्र १४ दिवसांच्या आत पोचायला हवं.

माझं सतराव्या दिवशी आलं होतं.

आणि मी काय केलं? रागाच्या भरात कंपनीला लिहिलं, "मी त्या दिवशी सकाळी तिथे आलो, लगेच गेलो." मी आलो. मी गेलो. चालक कोण हे त्यांनी विचारायच्या आधी मीच सांगून बसलो. "गाडी आली, गाडी गेली" एवढं लिहिलं असतं तर हा डबा एवढा भरला नसता. मराठी माणसाला कर्त्याविना वाक्य काही जड नाही, पण सुचायला हवं.

कंपनीने अर्ज फेटाळला. हे दुसरं पाकीट. त्यात एक क्रमांक होता आणि २८ दिवसांची मुदत: पॉप्ला नावाच्या संस्थेकडे अपील करा. ब्रिटिश पार्किंग असोसिएशनच्या सभासद कंपन्यांविरुद्धची अपिलं पॉप्लाकडे जातात. दुसरी संघटना आहे, आयपीसी, तिची अपील-यंत्रणा वेगळी, तिचं नाव आयएएस.

मी पेट्रोलपंपाची पावती जोडली. दुपारी १ वाजून १० मिनिटं, अठरा मैल दूर. उत्तर ईमेलने आलं. पावतीवरून तुमचं कार्ड तिथे होतं हे दिसतं, गाडी होती हे नाही. अपील नामंजूर.

खरं सांगायचं तर ते वाचून मी बँकेचं ॲप उघडलं होतं. ६०ची सवलत केव्हाच गेली होती, पूर्ण १०० टाकायचे होते. बायको म्हणाली, "गाडी तिथे नव्हती ना? मग कशाचे भरतोयस?"

(दृश्य: ॲप बंद होतं. फोन टेबलावर पालथा.)

पॉप्लाचा निकाल कंपनीवर बंधनकारक असतो, गाडीवाल्यावर नाही. आपण जिंकलो तर कंपनीला तिथेच थांबावं लागतं. आपण हरलो तर आपल्याला पैसे भरायला लावणारा कुठलाही हुकूम त्या कागदात नसतो. तो फक्त कोर्टाचा न्यायाधीश देऊ शकतो, आणि त्याच्यासमोर दावा शाबीत करायचं ओझं पैसे मागणाऱ्यावर येतं. कोर्ट पॉप्लाच्या मताला बांधील नाही.

तिसरं पाकीट: पैसे भरा. चौथं, पाचवं, सहावं: वसुलीवाले. इथे रक्कम १७० झाली. लाल अक्षरं, "अंतिम", मग "अखेरची अंतिम". आई व्हिडिओ कॉलवर घाबरली, दारात माणसं येतील का? नाही. ही मंडळी पत्रं लिहिणारी. दारात येऊन सामानाची यादी करण्याचा अधिकार कोर्टाच्या हुकुमानंतर येतो, आधी नाही. ही तीन पाकिटं मी नुसती डब्यात टाकली. उत्तर दिलं नाही, फाडलीही नाहीत.

सातव्यापाशी मात्र थांबावं लागलं. दावा लावण्यापूर्वीची नोटीस. उत्तराला ३० दिवस. दिसायला ते अगदी सभ्य होतं, लाल शाई नाही. इथल्या पाकिटांचा नियमच उलटा दिसतो: जितकं भडक, तितकं पोकळ.

(दृश्य: लंडन, सुप्रीम कोर्टाची इमारत.)

जरा मागे जाऊ. एप्रिल २०१३, चेम्सफर्ड. मासे आणि बटाट्याचे काप विकणारे बॅरी बीव्हिस यांनी दुकानांच्या वाहनतळावर गाडी लावली. दोन तास फुकट होते, त्यांना ५६ मिनिटं जास्त झाली. ८५ पौंडांचं बिल आलं. त्यांचं म्हणणं: एवढ्या वेळाने कंपनीचं नुकसान किती झालं? जागा तर फुकट होती. प्रकरण पार सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. ४ नोव्हेंबर २०१५ला सात न्यायाधीशांपैकी सहा कंपनीच्या बाजूने गेले. जागा अडवून बसणाऱ्यांना आळा घालण्यात कंपनीचं रास्त हित आहे, पाट्या मोठ्या आणि जागोजागी होत्या, ८५ पौंड अवाच्या सवा नाहीत.

तेव्हापासून कंपन्यांच्या प्रत्येक दाव्यात हा निकाल देवाच्या फोटोसारखा लावलेला असतो. पण त्याला मागची बाजूही आहे. कोर्टाने ते बिल मान्य केलं ते पाट्या ठळक होत्या म्हणून. झाडाआडची, पुसट, मुंगीएवढ्या अक्षरांची पाटी असेल तर तोच निकाल गाडीवाल्याच्या उपयोगी पडतो. आणि वाहनतळ चालवण्याचा खर्च ८५मधूनच भागतो असा तिथला हिशेब असेल, तर वर वसुलीचे ७० कशाचे? यावर जिल्हा न्यायाधीशांचं एकमत नाही. काहींनी ते ७० उडवले, काहींनी दिले. २०२२च्या फेब्रुवारीत सरकारने ही भर बंद करणारी आचारसंहिता काढली, कंपन्या कोर्टात गेल्या, आणि जूनमध्ये सरकारने ती मागे घेतली.

माझ्या दाव्याचं आठवं पाकीट नॉर्थॅम्प्टनहून आलं, कोर्टाच्या शिक्क्याचं. १०० मूळ, ७० वसुलीचे, ३५ कोर्टाची फी, ५० वकिलाचे, शिवाय व्याज. गाडी कुठे, किती वेळ, कुठल्या अटीचा भंग, याबद्दल अडीच ओळी.

हे पाकीट बाजूला ठेवायचं नसतं. कागदावरच्या तारखेनंतर पाचव्या दिवशी ते पोचलं असं धरतात. तिथून १४ दिवसांत पोच द्यायची, म्हणजे कैफियतीसाठी एकूण २८ दिवस मिळतात. गप्प बसलं की एकतर्फी निकाल. महिन्याभरात पैसे भरले तर त्या निकालाची नोंद पुसली जाते, नाहीतर ती ६ वर्षं राहते. घरकर्ज, मोबाइलचा करार, भाड्याचं घर, सगळीकडे ती आडवी येते.

आपल्या मुलांचं इथे होतं ते नेमकं असं. शिकायला आलेली, दर वर्षी खोली बदलणारी. गाडीच्या कागदांवर पत्ता जुनाच. पाकिटं जुन्या घरी साठतात, निकाल लागतो, आणि कळतं ते बँक कर्ज नाकारते तेव्हा. तो निकाल रद्द करून घ्यायला अर्ज करावा लागतो, त्याचीच फी तीनशे पौंडांच्या घरात. म्हणून घर बदललं की गॅसवाल्याच्या आधी डीव्हीएलएला पत्ता कळवा, आणि वाद चालू असेल तर कंपनीलाही.

(दृश्य: कार्यालयाच्या वाहनतळाचा अडसर वर जातो, खाली येतो.)

कैफियत लिहायला बसलो. पुरावा काय, तर तीच पेट्रोलची पावती. दुसऱ्या दिवशी ऑफिसात शिरताना अडसर आपोआप वर गेला. रोजच जातो. त्या दिवशी मी गाडी थांबवून वर पाहिलं. तिथेही नंबरप्लेट वाचणारा कॅमेरा!

दारावरचे सुरक्षारक्षक नेपाळी काका आहेत, फौजेतून निवृत्त. वर्षभराच्या नोंदी असतात म्हणाले. दहा महिने झाले होते. तासाभरात ईमेल आला: माझ्या गाडीचा नंबर, आत ९ वाजून ४८, बाहेर १२ वाजून ४१, आत १ वाजून ३५, बाहेर ४ वाजून ५६. एका कॅमेऱ्याच्या थापेवर दुसऱ्या कॅमेऱ्याची साक्ष. मधली फेरी जेवणाच्या सुट्टीतली, पेट्रोलची. पावतीलाही अखेर गाडी मिळाली.

थॉर्न्टन नावाच्या एका ट्रम्पेटवादकाचा खटला इथले कायद्याचे विद्यार्थी अजून शिकतात. लंडनच्या शू लेनमधल्या वाहनतळात तो गाडी घेऊन शिरला, यंत्राने तिकीट पुढे केलं, त्यावर लिहिलेलं: आत लावलेल्या अटी लागू. लॉर्ड डेनिंग यांनी म्हटलं की माणूस यंत्राशी वाद घालील, त्याला शिव्याही देईल, यंत्र ढिम्म हलणार नाही. मग तिकीट हातात पडल्यावर दिसणाऱ्या अटींनी तो बांधला कसा जाईल? पन्नासहून अधिक वर्षं झाली. यंत्रं हुशार झाली, ढिम्मपणा तोच.

कैफियत गेली. मग फोनवरची मध्यस्थी. मे २०२४पासून छोट्या रकमेच्या दाव्यांत ती सक्तीची आहे. एक तास, मध्यस्थ दोघांशी वेगवेगळं बोलतो. कंपनीने १२० मागितले. मी शून्य म्हणालो. मध्यस्थबाई हसल्या, "नोंदवून घेते."

नववं पाकीट सुनावणीच्या तारखेचं, माझ्याच गावाजवळच्या कोर्टात. त्यात कंपनीसाठी एक ओळ होती: अमुक तारखेपर्यंत सुनावणीची फी भरा, नाहीतर दावा रद्द होईल. फी २७ पौंड.

हरलो असतो तर साधारण दोनशे ऐंशी पौंड आणि थोडं व्याज गेलं असतं. छोट्या दाव्यांत समोरच्या वकिलाचं मोठं बिल सहसा हरणाऱ्यावर पडत नाही. तेवढी तयारी ठेवून मी सुट्टी मागून ठेवली, कोट इस्त्रीला दिला.

(दृश्य: दहावं पाकीट. एकच पान.)

२७ पौंड भरायच्या तारखेच्या चार दिवस आधी हे आलं. दावा मागे घेतल्याची सूचना. एक पान, दोन सह्या, कारण नाही.

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "माफी कुठेय?"

पान उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती.

(दृश्य: तोच वाहनतळ, संध्याकाळ. खांबावरचा कॅमेरा. गाडी आत शिरते.)

दूध अजून तिथूनच आणतो. निघताना खिडकीची काच खाली करतो आणि डॅशबोर्डवरच्या घड्याळाचा एक फोटो घेतो, मागे खांब दिसेल असा. बायको हसते. डब्यात अजून जागा आहे म्हणते.