गर्दी जमली, पण हात कुणी लावंना

उसाचा हंगाम सुरू झाला की आपल्या कोल्हापूरचा गगनबावडा रोड घ्या नाहीतर राधानगरी रोड, रात्री टूव्हीलरवरनं येणाऱ्याला एकच धास्ती असते, पुढं दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर उभा आहे का चालतोय तेच कळत नाही. मागं लाल लाईट नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं नाहीतर बाहेर आलेल्या उसानं झाकलेला, समोरनं येणाऱ्याचा अप्पर डोळ्यात, आणि मग एकदम धाडकन आवाज. ट्रॉलीला मागं लाल रिफ्लेक्टर पाहिजेतच हा नियम आहे, जुना आहे. मला विचाराल तर कारखान्याच्या काट्यावरच ज्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर नाही तिचं वजन करू नये, दोन दिवसात सगळ्यांच्या मागं पट्ट्या दिसतील.

आता त्या आवाजानंतरचं बघू. माणूस पडलाय, पंधरा-वीस जण गोळा झालेत, मोबाईल बाहेर निघालेत, आणि कोणतरी हळूच म्हणतंय, "नको भावा, केसमध्ये अडकशील, पोलीस स्टेशनच्या चकरा कोण मारणार?"

कोल्हापूरची माणसं घाबरट नाहीत ओ. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री शिवाजी पुलावरनं मिनीबस पंचगंगेत कोसळली, १३ माणसं गेली, तेव्हा अंधारात आसपासची पोरंच मदतीला धावली. २०१९ च्या महापुरात तर गल्लीगल्लीतनं लोकांनी लोकांना बाहेर काढलं. पाण्याला न भिणारा हाच गडी रस्त्यावर पडलेल्या माणसाला हात लावताना मागं सरतो, कारण त्याला कागदाची भीती वाटते. आणि ती भीती पूर्वी उगाच नव्हती.

२००७ साली पियूष तिवारी यांच्या नात्यातला एक शाळकरी पोरगा अपघातात जखमी होऊन रस्त्यावर पडून राहिला, लोक येत-जात होते, कुणी थांबलं नाही, पोरगा गेला. तिवारींनी सेव्हलाईफ फाउंडेशन काढलं, सुप्रीम कोर्टात गेले, आणि ३० मार्च २०१६ ला कोर्टानं मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या गाईडलाईन्स सगळ्या देशाला लागू केल्या. २०१९ च्या दुरुस्तीत ते मोटार वाहन कायद्यातच आलं, कलम १३४अ. म्हणजे तुम्ही चांगल्या मनानं मदत केली आणि तरी तो माणूस दगावला, तर तुमच्यावर ना दिवाणी ना फौजदारी, कसलीच कारवाई नाही. नाव-पत्ता सांगायची सक्ती पोलीस करू शकत नाहीत, दवाखानाही नाही. स्वतःहून साक्षीदार व्हायचं ठरवलंत तर जबाब एकदाच, तुमच्या सोयीनं, आणि पोलीस तुमच्या घरी नाहीतर दुकानात आले तर साध्या कपड्यात यायचं असं नियमातच लिहिलंय. हे गावागावात, प्रत्येक तालमीच्या बोर्डावर लिहायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

मग करायचं काय? पहिला फोन १०८ नाहीतर ११२. नुसतं "रोडवर अपघात झालाय" सांगू नका, कुठल्या फाट्याजवळ, कुठला पंप, कुठली कमान ते सांगा. मागनं येणाऱ्या गाड्या थांबवायला दोघं लांब उभे करा. रक्त वाहतंय तिथं स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, सारखं उचलून बघू नका. हेल्मेट ओढून काढू नका, श्वास नीट चालू असेल तर राहू दे. हातापायाला धरून रिक्षात कोंबायचं नाही, मानेला मार असेल तर त्या हिसक्यानं माणूस जन्माचा अंथरुणाला खिळतो. आणि पाणी पाजू नका, आपल्याकडं माया म्हणून पहिलं तेच करतात, बेशुद्धीत ते श्वासनलिकेत जातं.

दवाखान्यानं "आधी पोलीस आणा" म्हणायचं नाही, हे सुप्रीम कोर्टानं १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितलंय, आधी उपचार मग कागद. पैशाचं म्हणाल तर मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे, यादीतल्या हॉस्पिटलात अपघातापासून ७ दिवसांपर्यंत दीड लाखाचा उपचार, जखमीचा स्वतःचा विमा असो वा नसो. गंभीर जखमीला पहिल्या तासात पोचवून त्याचा जीव वाचवणाऱ्याला 'राहवीर' म्हणून २५ हजारांचं बक्षीसपण आहे, आधी ५ हजार होतं.

घरच्यांसाठी एक गोष्ट, कारण दुःखात हेच राहून जातं. नुकसानभरपाईचा अर्ज मोटार अपघात न्यायाधिकरणात ६ महिन्यांच्या आत टाकावा लागतो. त्यामुळं एफआयआर, पंचनामा, दवाखान्याची प्रत्येक पावती, पगाराचा नाहीतर दूध-ऊस बिलाचा पुरावा पहिल्यापासनं एका पिशवीत ठेवा. धडक देऊन गाडी पळाली, नंबर मिळाला नाही, म्हणून हात टेकू नका. मृत्यू झाला असेल तर २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार सरकारी योजनेतनं मिळतात, त्याचा अर्ज प्रांत नाहीतर तहसीलदार ऑफिसला द्यायचा.