छोट्या विमानात ‘लिफ्ट’ मिळतेय? बसण्याआधी हे ऐका

नमस्कार मंडळी.

समजा, ओळखीतलं कुणीतरी म्हणालं, “ट्रेनने कशाला जातोस? माझ्या माहितीत एकजण आहे, त्याच्याकडे छोटं विमान आहे. इंधनाचे पैसे दे, तासाभरात पोचवेल.” आपली जी माणसं ब्रिटनमध्ये, अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात राहतात, त्यांना अशी विचारणा होऊ शकते. तिकडे हौसेने विमान चालवणारे भरपूर आहेत आणि त्यात आपले मराठी लोकही आहेत.

अशा वेळी आपण दोन प्रश्न विचारतो. हे सुरक्षित आहे का? आणि हे कायदेशीर आहे का? बहुतेकांना पहिला प्रश्न खरा वाटतो आणि दुसरा कागदपत्रांचा वाटतो. माझं म्हणणं असं आहे की छोट्या विमानाच्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय पहिल्याचं उत्तर मिळतच नाही. त्यासाठी एक घटना सविस्तर सांगतो.

(पडद्यावर: नाँत ते कार्डिफ, नकाशा)

२१ जानेवारी २०१९. फ्रान्समधल्या नाँतहून एक छोटं विमान वेल्समधल्या कार्डिफकडे निघालं. पायपर मालिबू, १९८४ सालचं, एका इंजिनाचं. आत दोनच माणसं. चालवायला ५९ वर्षांचे डेव्हिड इबटसन आणि प्रवासी म्हणून २८ वर्षांचा अर्जेंटिनाचा फुटबॉलपटू एमिलियानो साला. कार्डिफ सिटीने त्याला दीड कोटी पाउंड देऊन घेतल्याची घोषणा दोनच दिवसांपूर्वी झाली होती. क्लबने तोवर कुठल्याच खेळाडूसाठी एवढे पैसे मोजले नव्हते. जुन्या सहकाऱ्यांचा निरोप घ्यायला तो नाँतला आला होता. मूळ बेत सकाळी परतायचा होता, पण निरोपाला वेळ मिळावा म्हणून निघणं संध्याकाळवर गेलं. म्हणजे उड्डाण अंधारात होणार होतं. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

विमानात बसल्यावर सालाने मित्रांना व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप पाठवला. थकलेल्या आवाजात तो सांगतो की मी विमानात आहे, हे तुकडे होऊन पडेल असं वाटतंय. दीड तासात माझी काही खबर आली नाही, तर मला शोधायला कुणाला पाठवतील की नाही कोण जाणे. आणि मग, “बाबा, किती भीती वाटतेय मला!”

हा निरोप ऐकला की मला दर वेळी एकच गोष्ट बोचते. माणूस घाबरलाय, तरी उतरत नाहीये. का उतरेल? कुणीतरी आपल्यासाठी सोय केलीय, वैमानिक समोर बसलाय, तोंडावर “मी येत नाही” म्हणणं जड जातं. त्याच्या जागी आपण असतो तर आपल्यातल्या बहुतेकांनी हेच केलं असतं.

ब्रिटनच्या वेळेप्रमाणे रात्री सव्वाआठच्या सुमारास गर्न्सी बेटाच्या उत्तरेला विमान रडारवरून नाहीसं झालं. त्याआधी थोडाच वेळ वैमानिकाने आणखी खाली यायची परवानगी मागितली होती, बाहेरचं दिसत राहावं म्हणून. सरकारी शोध तीन दिवसांनी थांबला. मग लोकांनी पैसे जमवून खासगी शोध सुरू केला आणि ३ फेब्रुवारीला समुद्रतळाशी अवशेष सापडले. सालाचा मृतदेह वर काढता आला. इबटसन यांचा कधीच मिळाला नाही.

ब्रिटनच्या विमान अपघात तपास शाखेने, म्हणजे एएआयबीने, मार्च २०२० मध्ये अंतिम अहवाल दिला. त्यात काय निघालं?

इबटसन यांच्याकडे खासगी वैमानिकाचा परवाना होता, पीपीएल. या परवान्यावर पैसे घेऊन प्रवासी नेता येत नाहीत, आणि या फेरीचे त्यांना पैसे मिळणार होते. रात्री उडण्याचं रेटिंग, म्हणजे परवान्यावर मिळणारी वेगळी मान्यता, त्यांच्याकडे नव्हतं. एका इंजिनाच्या विमानाचं रेटिंग आदल्या नोव्हेंबरमध्येच संपलेलं होतं. विमानाची नोंदणी अमेरिकेतली होती, तीही एका ट्रस्टच्या नावावर, आणि असं विमान ब्रिटनमध्ये भाड्याने चालवायला जी परवानगी लागते ती कुणी काढलेली नव्हती.

तुम्ही म्हणाल, कागद नव्हते म्हणून विमान पडत नाही. बरोबर आहे. मग ते पडलं कसं?

सालाच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण ५८ टक्के निघालं. ५० टक्क्यांच्या वर गेलं की धडधाकट माणसाच्याही जिवावर बेतू शकतं. मोटारीत असतं तशा पिस्टन इंजिनाच्या धुरात हा वायू भरपूर असतो. एक्झॉस्टला बारीकशी चीर पडली, किंवा एखादा जोड ढिला झाला, तर केबिन गरम ठेवणाऱ्या हवेबरोबर तो आत येऊ शकतो. या वायूला वास नाही, रंग नाही. आधी डोकं जड होतं, मग निर्णय चुकायला लागतात, आणि चुकतायत हे त्या माणसाला कळतही नाही. वैमानिकावरही त्याचा परिणाम झाला असावा, असा अहवालाचा निष्कर्ष आहे. अशा अवस्थेत, अंधारात, समुद्रावर, खराब हवेतून वाट काढत ते हाताने विमान वळवत होते. ताबा सुटला, वेग विमानाच्या मर्यादेपलीकडे गेला आणि विमान हवेतच मोडलं.

अंधारात किंवा ढगात क्षितिज दिसेनासं झालं की शरीर खोटं सांगायला लागतं. विमान वळत असतं आणि तुम्हाला वाटतं सरळ चाललंय. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला होता. उपकरणांवर उडायचं शिक्षण नसलेल्या वैमानिकांना बाहेरचं काही दिसणार नाही अशा स्थितीत टाकलं, तर सरासरी १७८ सेकंदांत ताबा सुटत होता. रात्रीचं रेटिंग वेगळं असतं ते यासाठी.

आता त्या विमानात काय नव्हतं ते पाहा. कार्बन मोनॉक्साइड वाढला की ठणाणा करणारा छोटा गजर नव्हता. बऱ्याच छोट्या विमानांत एक पुठ्ठ्याचं कार्ड चिकटवलेलं असतं, मध्ये रंगीत ठिपका, वायू आला की ठिपका काळा पडतो. पण तिकडे बघायचं कुणी? रात्री, आणि तेही ज्याचं डोकं आधीच बधिर व्हायला लागलंय त्याने? आवाज करणारं यंत्र खिशात मावतं आणि विमानाच्या इतर खर्चापुढे त्याची किंमत अगदी किरकोळ आहे. ब्रिटनने १ जानेवारी २०२५ पासून, स्वतः वैमानिक नसलेले प्रवासी न्यायचे असतील तर अशा अनेक पिस्टन विमानांत ते सक्तीचं केलं. सालाच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी.

(पडद्यावर: परवान्यांचा तक्ता)

आता कायद्याकडे येऊ. आपल्याकडे पांढऱ्या पाटीची गाडी आणि पिवळ्या पाटीची टॅक्सी असते ना, तसेच विमानातही दोन वर्ग असतात. फरक एवढाच की विमानाच्या शेपटीवरून तो वर्ग ओळखता येत नाही.

मित्राने तुम्हाला फुकट फिरवलं तर ते बहुतेक सगळीकडे कायदेशीर आहे. खर्च वाटून घेणंही अनेक देशांत चालतं, पण त्याला अटी आहेत. अमेरिकेत खासगी वैमानिकाने इंधन, तेल, विमानतळाचं शुल्क आणि विमानाचं भाडं यातला स्वतःचा वाटा भरलाच पाहिजे, तुमच्यापेक्षा कमी भरून चालत नाही. शिवाय त्याला स्वतःलाही तिकडे जायचं असलं पाहिजे. ऑनलाइन जाहिरात करून अनोळखी लोकांना खर्च-वाटणीवर नेण्याचा एक उद्योग तिथे सुरू झाला होता. २०१५ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने तो मान्य केला नाही. युरोपात आणि ब्रिटनमध्ये अशी संकेतस्थळं चालतात, पण वाटणी फक्त त्या उड्डाणाच्या थेट खर्चाची, वैमानिकाचा वाटा धरून, आणि नफा एक पैशाचाही नाही.

याच्या पुढे गेलात, म्हणजे “मला अमुक ठिकाणी सोड, मी पैसे देतो” असं झालं, की तो व्यवसाय झाला. मग ऑपरेटरचं, म्हणजे विमानसेवा चालवणाऱ्याचं, प्रमाणपत्र लागतं. भारतातही खासगी परवान्यावर मोबदला घेऊन उडता येत नाही. पैसे घेऊन प्रवासी न्यायचे तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, ऑपरेटर परवाना हवा. जुहू असो, बारामती असो, धुळे असो, नियम तोच.

त्या प्रमाणपत्रामागे काय असतं? वैमानिकाची ठरावीक काळाने होणारी तपासणी, देखभालीचं कडक वेळापत्रक, हवा किती खराब असली की निघायचं नाही याच्या लेखी मर्यादा. पण माझ्या मते सगळ्यांत मोलाची गोष्ट वेगळीच आहे. अशा कंपनीत वैमानिकाखेरीज आणखी कुणालातरी “आज जायचं नाही” म्हणायचा अधिकार असतो आणि ते म्हणणं त्याचं कामच असतं. नाँतच्या त्या संध्याकाळी असं कुणी नव्हतं. सहा तास आधी निघाले असते तर उजेड होता. पण बेत बदलल्यावर, या वैमानिकाला रात्री उडता येतं का, हे विचारायची जबाबदारी कुणावरच नव्हती.

हे उड्डाण जमवून देणारे डेव्हिड हेंडरसन यांच्यावर कार्डिफच्या क्राउन कोर्टात खटला चालला. विमानाचा कारभार पाहणाऱ्या व्यक्तीने इबटसन यांना पुन्हा विमान देऊ नका असं त्यांना आधीच सांगितलं होतं, हे तिथे समोर आलं. त्यांनी इबटसन यांना पाठवलेला एक संदेशही वाचला गेला. त्याचा आशय असा की या धंद्यात आपण दोघंही पैसे कमावू शकतो, पण गिऱ्हाइकं नाराज झाली किंवा विमान प्राधिकरणाचं लक्ष गेलं तर नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. मला हा संदेश त्या अपघाताइतकाच भयंकर वाटतो. नियम मोडतोय हे माहीत होतं. फक्त प्रवाशाला माहीत नव्हतं.

विम्याचंही सांगून ठेवतो. खासगी वापरासाठी काढलेला विमा बेकायदा भाड्याच्या फेरीला लागू होईलच असं धरून चालू नका. कंपनी हात वर करू शकते, आणि मग घरच्यांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

मी छोट्या विमानांच्या विरोधात नाही. हौसेने उडणारे अनेक लोक अत्यंत काटेकोर असतात. तरी आकडा डोळ्यांआड करता येत नाही. अमेरिकेत छोट्या खासगी विमानांत साधारण दर एक लाख उड्डाण-तासांमागे एक प्राणघातक अपघात होतो. नेहमीच्या प्रवासी विमानांचं प्रमाण याच्या जवळपासही नाही.

तर अशी लिफ्ट आली की समोरच्याला सरळ मेसेज करा. मी लिहूनच देतो, कॉपी करा:

“नमस्कार, बोलावल्याबद्दल आभार. काही गोष्टी विचारतो, राग मानू नका. या फेरीचे पैसे तुम्हाला कुणाकडून मिळणार आहेत का? खर्च वाटायचा असेल तर तुमचा वाटा किती? तुमचं रेटिंग कधीपर्यंत आहे, आणि निघायला उशीर झाला तर रात्रीचं आहे का? केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा आवाज करणारा गजर आहे का? पैसे घेऊन नेत असाल तर ऑपरेटर प्रमाणपत्राचा क्रमांक द्याल का?”

काटेकोर वैमानिक याचं उत्तर आनंदाने देतो, वर कागदाचे फोटोही पाठवतो. दिलेला क्रमांक त्या देशाच्या विमान प्राधिकरणाकडे तपासता येतो. भारतात डीजीसीएच्या संकेतस्थळावर परवानाधारक ऑपरेटरांची यादी आहे. ती कशी उघडायची आणि त्यात विमानाचा व्हीटी क्रमांक, म्हणजे भारतातल्या विमानाचा नोंदणी क्रमांक, कसा शोधायचा, हे पुढच्या व्हिडिओत स्क्रीनवर करून दाखवतो. तोवर तुम्हाला अशी लिफ्ट कधी मिळाली असेल, तर वैमानिकाचं नाव न घेता खाली लिहा. किती पैसे मागितले आणि काय सांगून मागितले, तेवढं लिहा. नेमका कुठला नियम लागतो, ते मी उत्तरात सांगेन.