नेरेवारला मारलं कोणी? ‘मॉरोविंड’मधल्या देवांच्या जबान्या

मंडळी, ‘मॉरोविंड’ या संगणक-गेमवर वाद सुरू झाला की दहा मिनिटांत गाडी एकाच फाट्याला लागते: त्यातला देव व्हिवेक चांगला की वाईट? मग कोणी त्याला ढोंगी ठरवतं, कोणी प्रजेसाठी झिजलेला देव म्हणतं आणि तासाभराने सगळे जिथल्या तिथे. माझं म्हणणं असं की हेतूचा प्रश्न आपण फार लवकर विचारतो. आधी घटनांचा क्रम लावला पाहिजे. काय आधी घडलं आणि काय नंतर, हे ठरलं की निम्मे हेतू आपोआप गळून पडतात.

नव्यांसाठी थोडक्यात. बेथेस्डाचा हा गेम २००२ सालचा, ‘एल्डर स्क्रोल्स’ मालिकेतला तिसरा. गेमच्या कालगणनेत पहिल्या युगाच्या ७०० व्या वर्षी लाल पर्वतावर लढाई झाली. एका बाजूला ड्वेमर जमात आणि त्यांचा राजा डुमाक. दुसऱ्या बाजूला कायमर लोकांचा सेनापती नेरेवार, त्याचे तीन सल्लागार व्हिवेक, आल्मालेक्सिया आणि सोथा सिल, शिवाय मित्र डॅगॉथ ऊर. पर्वताच्या पोटात लॉर्खान देवाचं हृदय होतं आणि त्यातून शक्ती काढायला काग्रेनाकने बनवलेली तीन अवजारं: सुंडर, कीनिंग आणि रेथगार्ड. लढाईनंतर ड्वेमर नाहीसे झाले, नेरेवार मेला, तिघे सल्लागार देव झाले आणि कायमरांची कातडी राखेसारखी, डोळे निखाऱ्यासारखे होऊन ते डनमर झाले. एवढं सगळेच मान्य करतात. भांडण आहे ते या घटनांच्या क्रमावर.

आता साक्षी. या तिघा देवांच्या मंदिराची अधिकृत गोष्ट सोपी आहे: नेरेवार लढाईतल्या जखमांनी गेला आणि संत झाला. ही बाजूला ठेवू, तिच्यात तपासण्यासारखं फार नाही. महत्त्वाचे कागद दोन. एक ‘नेरेवार ॲट रेड माउंटन’. ही भटक्या ॲशलँडर टोळ्यांची परंपरा, नेरेवारचा ढालकरी आलँड्रो सूल याच्या नावावर सांगितली जाणारी. गंमत म्हणजे ती आपल्याला मिळते मंदिराच्याच गुप्त दप्तरातून. मंदिर ती खोटी म्हणतं आणि जपूनही ठेवतं. दुसरा कागद लढाईची हकीकत, खुद्द व्हिवेकच्या तोंडची.

ॲशलँडरांचा क्रम असा. लढाईनंतर डॅगॉथला अवजारांवर पहाऱ्याला बसवून नेरेवार सल्ल्यासाठी परत येतो. तिघांच्या मनात अवजारं वापरायची आहेत. नेरेवार म्हणतो, देवी अझूराला आवाहन करून विचारू. त्या विधीतच घात होतो: आल्मालेक्सियाच्या मेणबत्त्या विषारी, सोथा सिलची वस्त्रं विषारी, व्हिवेकचे मंत्र विषारी. हा तपशील नीट बघा. विष जेवणात नाही, प्यालात नाही. ज्या तीन गोष्टींशिवाय आवाहन होत नाही त्यांत आहे. म्हणजे तयारी आधीपासूनची. तरीही अझूरा येते, शाप देते, कातडी बदलते. त्यानंतर तिघे पर्वतात जातात. डॅगॉथची स्वतःचीही कातडी बदललेली असते, त्यावरून काय घडलं ते तो ओळखतो आणि सूड घ्यायला उठतो. त्याला हुसकून लावतात. मग अवजारं, मग अभ्यास, मग देवत्व.

व्हिवेकचा क्रम बरोबर उलटा. नेरेवार सल्ला घ्यायला येतो, अवजारं सांभाळून ठेवायचं ठरतं आणि ती ड्वेमरांसारखी वापरणार नाही अशी शपथ तो तिघांकडून अझूराच्या साक्षीने घेतो. परत गेल्यावर डॅगॉथ अवजारं द्यायला नकार देतो. बळाचा वापर होतो, आणि इथे नेरेवार जिवंत आहे, तोच पुढे आहे. पुढे काही वर्षं शपथ पाळली जाते. मग सोथा सिल अवजारांचं गूढ उकलतो, प्रजेच्या सुखाचं चित्र रंगवतो, शपथ मोडते, देवत्व मिळतं आणि तेव्हा कुठे अझूरा प्रकट होते. नेरेवारचा खून हा शब्द या हकीकतीत येतच नाही.

दोन्ही क्रम शेजारी मांडा. ॲशलँडरांकडे खून आधी आणि देवत्व नंतर, म्हणून खुनाला कारण आहे: वाटेतला माणूस दूर करणं. व्हिवेककडे दोन्हींच्या मध्ये ‘काही वर्षं’ घातली आहेत आणि तेवढ्यानेच खुनाचं कारण नाहीसं होतं. माझ्या मते त्या हकीकतीतलं सर्वांत कामाचं वाक्य तेच आहे. प्रजेचं भलं वगैरे भाग प्रामाणिक असूही शकेल. पण ती काही वर्षं कोणासाठी सोयीची आहेत हे उघड आहे.

मग व्हिवेक खोटारडा, विषय संपला? नाही, कारण तिसरा साक्षीदार आहे. डॅगॉथ ऊरकडून नेरेवारच्या अवताराला, म्हणजे खेळणाऱ्या आपल्याला, जो निरोप येतो तो वाचा. त्यात तो म्हणतो की तिघांनी तुझा घात केला. इथे तो ॲशलँडरांच्या बाजूने बोलतो. पण लगेच तो हेही म्हणतो की तू ज्याच्यावर शपथ घालून ठेवा राखायला बसवलंस, त्यालाच तू लाल पर्वताखाली मारून पाडलंस. म्हणजे त्याच्यावर हात नेरेवारने उचलला! ॲशलँडरांच्या कथेत त्या वेळी नेरेवार मेलेला असतो. या एका मुद्द्यावर व्हिवेकचा कट्टर शत्रू व्हिवेकचाच क्रम उचलून धरतो. शत्रूने दिलेली अशी साक्ष मी सर्वांत वजनदार मानतो, कारण ती देऊन त्याचा काही फायदा नाही.

तेव्हा मला पटणारा क्रम मिश्र आहे: नेरेवारच्या हयातीत डॅगॉथशी झटापट, मग विधीतला खून, मग देवत्व. यात ॲशलँडरांनी डॅगॉथला निष्ठावंत सूडकरी केलं ते मागाहूनचं वाटतं. त्यांच्या कथेत नेरेवारवर डाग नको होता. प्रत्येक पक्ष आपल्या माणसाला धुऊन काढतो, भटके टोळीवालेही.

आता लपवलेला कबुलीजबाब. ‘व्हिवेकची छत्तीस प्रवचनं’ गेममध्ये विखुरलेली आहेत. त्यातली बरीच उघडली की एखादं कौशल्य वाढतं, म्हणून लोक ती उघडतात आणि न वाचताच मिटतात. एकोणतिसाव्या प्रवचनात आकड्यांची यादी आहे. पहिल्या नोंदीपुढे १, दुसरीपुढे ६८, तिसरीपुढे ११२, असं पुढे. नोंदीचा क्रमांक म्हणजे प्रवचनाचा क्रमांक आणि पुढचा आकडा म्हणजे त्या प्रवचनातला कितवा शब्द घ्यायचा तो. शीर्षक मोजायचं नाही. पडताळा म्हणून पहिल्या प्रवचनाचा पहिला शब्द ‘ही’, म्हणजे ‘तो’, हाच आला पाहिजे. जोडशब्द एक धरले की दोन, यावर गणती एखाद्या शब्दाने सरकते. अर्थहीन शब्द आला तर मागेपुढे बघा. आणि मोजताना मूळ इंग्रजी मजकूरच घ्या, कुणी दुरुस्त केलेली प्रत नको. शब्द जोडले की निघतं ते असं: तो देव म्हणून जन्मला नव्हता, नियतीने त्याला या गुन्ह्याकडे नेलं नाही, त्याने हा मार्ग स्वेच्छेने निवडला, त्याने देवत्व चोरलं आणि होर्टेटरचा खून केला, हे व्हिवेकने लिहिलं. होर्टेटर म्हणजे नेरेवार. छत्तिसाव्या प्रवचनात परिच्छेदांची आद्याक्षरं ओळीने घेतली तर ‘फाउल मर्डर’, नीच खून, हे शब्द उमटतात.

यावर बरेच जण थांबतात: कबुली मिळाली, खटला संपला. पण कबुलीत काय नाही तेही बघा. विषाचा उल्लेख नाही, साथीदारांची नावं नाहीत. आणि चोरी आधी, खून नंतर, असा शब्दांचा क्रम आहे. वाक्यातल्या क्रमावर घटनांचा क्रम बांधणं धाडसाचं होईल, मी बांधत नाही. पण स्वेच्छेवरचा भर मुद्दाम आहे. तोंडी दिलेल्या हकीकतीत सोथा सिलने पटवलं असं सांगणारा माणूस गुप्त लिखाणात दोष एकट्याच्या अंगावर घेतो. तो पश्चात्ताप आहे की देवत्वाचं श्रेय एकट्याने लाटणं, यावर मात्र जरूर भांडा.

कामाच्या दोन सूचना. वाद करायच्या आधी कागदावर रकाने पाडा: सांगणारा कोण, कागद सापडला कुठे, काय मान्य करतो, काय टाळतो. पाचवा रकाना थराचा. २००२ च्या गेममधला मजकूर पहिला थर. नंतरचे अधिकृत गेम दुसरा. लेखकांनी गेमबाहेर लिहिलेलं तिसरा. चाहत्यांनी गेममध्ये केलेले बदल, म्हणजे मॉड, चौथा. नंतरच्या थराने आधीचा खोडायचा नाही. निम्मी भांडणं दोघे वेगळ्या थरातून बोलतात म्हणून होतात. दुसरं, संगणकावरच्या आवृत्तीसोबत कन्स्ट्रक्शन सेट, म्हणजे गेम आतून उघडून बदलायचं साधन, येतो. त्यात प्रत्येक संवादाला लावलेल्या अटी दिसतात: हे वाक्य कोण, कुठल्या टप्प्यावर बोलतो. एखादं वाक्य फक्त असंतुष्ट पुजाऱ्याच्याच तोंडी असेल, तर ती गेमची भूमिका नव्हे, त्या पुजाऱ्याची.

आणि कृपा करून ‘ड्रॅगन ब्रेक’ची पळवाट नको. काळच तुटला म्हणून सगळंच खरं, हे स्पष्टीकरण मालिकेत आहे, पण ते लाल पर्वतावर लावलं की एकही साक्ष तपासायची गरज उरत नाही. ग्रंथांच्या पाठचिकित्सेत निदान मूळ पाठाच्या जवळ जायची आशा असते. इथे लेखकांनी पाठभेद जाणूनबुजून पेरलेत. म्हणून तर कोण काय गाळतो यालाच जास्त किंमत.

राहिली अझूरा, आणि तिच्याकडे लोक फार कमी बघतात. ॲशलँडर म्हणतात, कातडी तिने बदलली, खुनाची खूण म्हणून. व्हिवेक म्हणतो, ती म्हणाली, ही माझी करणी नव्हे, तुमची. तिघांच्या गुन्ह्याची खूण अख्ख्या जमातीला का? ॲशलँडर तर तिचेच भक्त, त्यांचीही कातडी राखेचीच. तिच्यावर हे बालंट येऊ नये म्हणून तिच्या भक्तांनी काहीच केलेलं नाही, उलट तिचाच आरोपी तिला त्यातून सोडवतो. अवताराच्या गुहेत ती आपल्याशी बोलते तेव्हा खोट्या देवांसमोर उभं राहा, हृदय मुक्त कर, माझ्या लोकांना बरं कर, माझ्यासाठी कर, असं सांगते. नेरेवारला कोणी मारलं ते त्या भाषणात नाही. ज्याचा खून झाला त्याच्याच अवतारासमोर ती उभी आहे आणि तिला आठवण होते ती आपल्या लोकांची आणि गेलेल्या पूजेची. तिच्या हेतूंचा स्वतंत्र तक्ता मांडायचा असेल तर पहिली नोंद याच भाषणाची करा, आणि ‘काय टाळतो’ या रकान्यात खून लिहा.