एकाच पायाची सूज

मंडळी, माझ्या हातात ही शिंप्याची टेप आहे. दवाखान्यात ती माझ्या स्टेथोस्कोपशेजारी लटकलेली असते. भातलावणीच्या दिवसांत वेंगुर्ल्याकडचे एक गृहस्थ आले होते. वय साठीच्या आतलं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, मुंबईत ऑपरेशन झालेलं, नवव्या दिवशी घरी आलेले. मला म्हणाले, "डॉक्टरांनू, गाडयेत बसान बसान पाय सुजलो." प्रवासाला तेव्हा बारा दिवस उलटून गेले होते आणि सुजला होता तो डावा पाय, एकटाच. घरची माणसं काळजीपोटी रोज रात्री उंडीचं तेल गरम करून त्यांची पोटरी चोळत होती. मी गुडघ्याखाली दहा सेंटीमीटरवर टेप लावली. उजवी पोटरी ३३ सेंटीमीटर भरली, डावी ३७. मागून बोटानं दाबली तर त्यांनी पाय आखडून घेतला.

त्या चार सेंटीमीटरबद्दल आज बोलायचं आहे.

बसून बसून पाय सुजतात ते बहुधा दोन्ही सुजतात आणि रात्री झोपलं की उतरतात. एकच पाय सुजला की आपल्याकडे कोणी वात म्हणतं, कोणी हत्तीरोग. किनारपट्टीवर तो आजार लोकांनी पाहिलेला आहे, म्हणून शंका तिकडे जाते. पण कॅन्सरच्या माणसाचा एक पाय चार-दोन दिवसांत सुजला, गरम लागला, दुखू लागला, तर आतल्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी झाली आहे असं धरून चाला आणि त्याच दिवशी डॉप्लर सोनोग्राफी, म्हणजे शिरेतलं रक्त वाहतंय का ते दाखवणारी तपासणी, करून घ्या. तेल चोळू नका, पाय दाबून देऊ नका. तिथून गुठळीचा तुकडा सुटला तर तो हृदयातून थेट फुफ्फुसात जाऊन अडकतो. मग एकाएकी धाप लागते, श्वास घेताना छातीत कळ येते, खोकल्यातून रक्त पडतं, कधी माणूस उभ्या उभ्या कोसळतो. अशा वेळी सकाळची वाट बघत बसू नका, गाडी काढा.

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न वेगळाच आहे. "डॉक्टर, यांच्या शौचातून रक्त जातंय, अंगात रक्त उरलं नाही, आणि तुम्ही रक्त पातळ करायचं इंजेक्शन देताय?" प्रश्न अगदी रास्त आहे. रक्त जातं ते आतड्याच्या आतल्या बाजूला, गाठीचा पृष्ठभाग खरवडला जातो म्हणून. पण त्याच गाठीच्या पेशी रक्त गोठण्याची साखळी सुरू करणारा पदार्थ रक्तात सोडत असतात. एरवी तो पदार्थ जखम झाल्यावरच रक्ताच्या संपर्कात येतो. म्हणजे शरीराला वाटतं, कुठेतरी मोठी जखम झाली आहे. त्यात माणूस अंथरुणाला खिळलेला, पोटरीच्या शिरांतलं रक्त संथ झालेलं, ओटीपोटातल्या ऑपरेशनमध्ये तिथल्या शिरांना धक्का लागलेला. म्हणून एकाच माणसाला एकीकडे रक्तस्राव होतो आणि दुसरीकडे गुठळी. कॅन्सर आणि गुठळ्यांचं हे नातं पॅरिसच्या त्रूसो या डॉक्टरांनी १८६५ मध्ये आपल्या व्याख्यानात मांडलं. पुढे तेच लक्षण त्यांना स्वतःच्या अंगावर दिसलं आणि त्यांनी त्याचा अर्थ ओळखला. १८६७ मध्ये ते जठराच्या कॅन्सरनं गेले.

आता त्या इंजेक्शनबद्दल. पोटातल्या कॅन्सरच्या मोठ्या ऑपरेशननंतर एनॉक्सापॅरिनसारखं इंजेक्शन रुग्णालयात रोज देतात. ते घरी आल्यावरही, एकूण चार आठवडे, चालू ठेवावं असा सल्ला आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठवडाभरानं इंजेक्शन थांबवलेल्यांपैकी शेकडा १२ जणांच्या शिरांत तपासणीत गुठळी सापडली. चार आठवडे घेतलेल्यांत हेच प्रमाण पाचाच्या आत होतं. माझ्या त्या पेशंटच्या डिस्चार्ज कार्डावर इंजेक्शन लिहिलेलं होतं. घरच्यांनी ते बंद केलं, कारण कोणीतरी सांगितलं की टाके उघडतील, आणि रोज टोचायला घरी येणार कोण? मला त्यांचा राग येत नाही. कार्ड हातात देताना पाच मिनिटं बसून कोणी समजावलं नव्हतं, याचा राग येतो. हे इंजेक्शन घरचं माणूस देऊ शकतं. सिस्टरकडून एकदा नीट शिकून घ्या. बेंबीपासून निदान दोन इंच लांब, बाजूला, चिमटीत कातडी धरायची, सुई सरळ घालायची, औषध हळू सोडायचं. नंतर जागा चोळायची नाही. छोटा निळा डाग पडला तर घाबरू नका. शौचातून काळं किंवा ताजं रक्त वाढलं, तर मात्र लगेच कळवा.

धोका सर्वात जास्त असतो तो निदानानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत, केमो चालू असताना. छातीवर पोर्ट, म्हणजे केमोचं औषध शिरेत सोडायला कातडीखाली ठेवतात ती छोटी डबी, बसवला असेल तर त्या बाजूचा हात आणि मान सुजते का, तेही बघा. गुठळी झालीच तर निदान सहा महिने औषध घ्यावं लागतं. हल्ली गोळ्याही आहेत, पण आतड्यातली गाठ अजून काढलेली नसेल तर काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो, तेव्हा निवड डॉक्टरांवर सोडा. आणि कोणी रक्त पातळ करायची वॉरफरिन गोळी घेत असेल आणि केमोची कॅपेसिटाबिन गोळी सुरू झाली, तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचं औषध दाखवा. या जोडीनं रक्त नको तितकं पातळ होतं.

इथे एका ताईंची चिठ्ठी आली आहे: कुडाळहून परळला दर तीन आठवड्यांनी केमोला जावं लागतं, प्रवास कसा करायचा? ताई, शक्यतो रेल्वेनं जा, एसटीत पाय हलवायला जागा नसते. मधल्या वाटेलगतची सीट घ्या. दर तासा-दीड तासानं डब्यात एक फेरी मारा, बसल्या जागी टाचा वर-खाली करत राहा. लघवीला उठायला नको म्हणून बायका प्रवासात पाणीच पीत नाहीत, तसं करू नका. आणि निघण्याआधी घरातली टेप काढून दोन्ही पोटऱ्या मोजा, आकडा केमोच्या फाइलीवर तारखेसह लिहून ठेवा. परत आल्यावर पुन्हा मोजा.