‘सस्पिरिया’: दारापलीकडची धून

नमस्कार श्रोतेहो. रात्रीची वेळ, बाहेर मुसळधार पाऊस. सूझी नावाची एक अमेरिकन मुलगी नृत्य शिकायला जर्मनीत आली आहे. विमानतळाचं सरकतं दार उघडतं आणि बाहेरून घंटांसारखी नाजूक धून आत येते. दार मिटलं की धून बंद. पुन्हा उघडलं की पुन्हा सुरू. वाईट असं काहीच अजून घडलेलं नाही, तरी आपण खुर्चीत अंग चोरून बसलेलो असतो.

दारिओ अर्जेंतो या इटालियन दिग्दर्शकाचा १९७७ सालचा ‘सस्पिरिया’ असा सुरू होतो. तो आला तेव्हा समीक्षकांचं एकमत झालं नाही. दृश्यं देखणी, पण कथा विरळ, संवाद बालिश आणि रक्तपात फार, अशी तक्रार अनेकांनी केली.

संवादांची तक्रार खरी आहे, पण त्यामागे एक कारण आहे. नृत्यशाळेतल्या मुली जेमतेम बारा वर्षांच्या असाव्यात, अशी अर्जेंतोची मूळ कल्पना होती. इतक्या लहान मुलींवरची हिंसा निर्मात्यांना मान्य होईना. मग तरुण नट्या घेतल्या, पण बोलणं मुलींचंच ठेवलं. दारांच्या मुठीही मुद्दाम उंच बसवल्या. सूझी मूठ धरायला हात वर करते, तेव्हा ती आपल्याला एकदम लहान वाटते. मला हे फार मोलाचं वाटतं.

रंगांचंही तसंच. डिस्नीच्या ‘स्नो व्हाइट’मधल्यासारखे गडद रंग अर्जेंतोला हवे होते. छायालेखक लुचानो तोवोली यांनी दिव्यांपुढे रंगीत मखमल धरली, आणि चित्रपटाच्या प्रती टेक्निकलर या रंगीत छपाईच्या जुन्या, मोडीत निघालेल्या पद्धतीनं काढून घेतल्या. इथला लाल रंग भिंतीवर लावल्यासारखा वाटत नाही. तो भिंतीतून पाझरतो.

शेवटाकडे या नृत्यशाळेमागच्या चेटकिणींबद्दलची लांबलचक माहिती एका तज्ज्ञाच्या तोंडी घातली आहे. तिथे मात्र चित्रपट अडखळतो. स्वप्नासारख्या या चित्रपटाचा असा अर्थ सांगायला नको होता.

२०१८ मध्ये लुका ग्वादान्यिनोनं याच कथेवर अडीच तासांचा, करड्या रंगांचा चित्रपट केला. त्यावरही मतं दुभंगलीच.

मला ओढ आहे ती पहिल्याचीच, आणि त्यातही गॉब्लिन या इटालियन वाद्यवृंदाच्या संगीताची. त्यांनी त्यात ‘मूग’ नावाचं विजेवर चालणारं सिंथेसायझर आणि बुझुकी या ग्रीक तंतुवाद्याच्या जोडीला आपला तबलाही वाजवला आहे. रोमच्या या भयपटात तो कुठे येतो, ते दिवे मालवून, कान देऊन ऐका.