‘ते काही औषध नाही हो’

अध्यक्षमहोदय आणि मित्रहो,

पत्रिकेवर आजचा विषय ‘बुरशीरोधी औषधे आणि वनौषधी पूरके यांच्या परस्परक्रिया’ असा भारदस्त छापला आहे. परंतु त्यातील एका शब्दाशी माझे जुने भांडण आहे आणि समोर बसलेल्यांना आता उठून जाणे अवघड असल्यामुळे ते प्रथम मांडून घेतो. ‘वनौषधी’ या शब्दाच्या पोटात ‘औषधी’ उघड दिसते. तरीही ‘कोणती औषधे चालू आहेत?’ असे रुग्णाला विचारले, तर उत्तरात वनौषधी कधीच येत नाही.

काही वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे आल्या. पायाच्या नखांतील बुरशीसाठी त्या इट्राकोनॅझोल घेत होत्या. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या मांड्या अशा दुखू लागल्या की जिना चढताना कठडा धरून एकेक पायरी घ्यावी लागे, आणि लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा गडद झाला. स्नायूंची मोडतोड झाली की रक्तात उतरणारे क्रिएटिन कायनेज कितीतरी पट वाढलेले होते. मी विचारले, ‘दुसरे काही औषध?’ ‘काही नाही.’ ‘कोलेस्टेरॉलची गोळी?’ ‘छे, तिचे दुष्परिणाम फार, म्हणून ती कधीच सोडली.’ प्रश्न मी तीन वेळा फिरवून विचारला आणि बाईंनी, जन्मभर तोंडी परीक्षा घेतलेल्या माणसाच्या संयमाने, तिन्ही वेळा तेच उत्तर दिले. निघताना मात्र पिशवीतून एक डबी काढून त्यांनी विचारले, ‘या जेवणाआधी घ्याव्यात की नंतर?’ मी दचकून पाहताच म्हणाल्या, ‘ते काही औषध नाही हो, तांदूळ आहे.’ (हशा)

तांदूळ खराच, पण मोनॅस्कस नावाची बुरशी वाढवून लाल केलेला. या रेड यीस्ट राइसमधील मोनॅकोलिन के आणि कोलेस्टेरॉल उतरवण्यासाठी डॉक्टर लिहून देतात ते लोव्हास्टॅटिन, हा रेणू एकच आहे. ज्या जातीची गोळी बाईंनी सोडली, तीच त्या तांदळाच्या नावाने रोज घेत होत्या. आणि नखातील एका बुरशीवरच्या औषधाने दुसऱ्या बुरशीच्या अर्काला बळ दिले होते. किती बळ? १९९६ साली फिनलंडमधील संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांना इट्राकोनॅझोलबरोबर लोव्हास्टॅटिन दिले, तेव्हा लोव्हास्टॅटिनची रक्तातील पातळी सरासरी वीस पटींहून अधिक वाढली; ती अशी चढली की स्नायू मोडू लागतात. बाईंच्या दोन्ही कॅप्सूल बंद केल्या, सलाईन दिले, आणि मूत्रपिंडे बचावली.

असे का होते, हे पाहण्यासारखे आहे. ‘अ‍ॅझोल’ गटातील औषधे बुरशीच्या पेशीपटलाला लागणारे एर्गोस्टेरॉल तयार करणाऱ्या विकरावर (एन्झाइमवर) घाव घालतात, आणि ते विकर सायटोक्रोम पी-४५० या कुळातील आहे. आपल्या यकृतात औषधांचा निचरा करणारे ‘३ए४’ हेही त्याच कुळातले, म्हणजे भाऊबंदच. शत्रूवर नेम धरला तरी भाऊबंदांना धक्का लागतोच, आणि मग लोव्हास्टॅटिनचा निचरा अडतो.

मी त्यानंतर रुग्णपत्रिकेवरील ‘चालू औषधे’ या रकान्याखाली ‘चूर्ण, काढा, अर्क, कॅप्सूल, पूरक, जे जे पोटात जाते ते’ अशी ओळ छापावी म्हणून अर्ज केला. ओळ बसत नाही, असे उत्तर आले. त्याच पत्रिकेवर रुग्णालयाचे बोधचिन्ह चार ओळींची जागा अडवून बसले आहे, हे मी नम्रपणे कळवले. त्याला अद्याप उत्तर नाही. (हशा)

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटे उरली. तेव्हा मूळ विषय घाईने सांगतो.

पहिली दिशा आपण पाहिली: बुरशीरोधी औषध दुसऱ्याची पातळी वाढवते. उलट दिशा अधिक घातक ठरू शकते. मन उदास असल्यास घेतले जाणारे सेंट जॉन्स वर्ट हे वनौषधी पूरक यकृतातील निचरा करणारी विकरे वाढवते. ते रोज ९०० मिलिग्रॅम या प्रमाणात पंधरा दिवस घेतल्यावर व्होरिकोनॅझोल या बुरशीरोधी औषधाचे शरीराला मिळणारे एकूण प्रमाण ५९ टक्क्यांनी घटल्याचे २००५ साली दिसून आले. गंमत अशी की पहिल्याच दिवशी मोजले असता ते थोडे वाढलेले दिसले होते, म्हणजे घाईने तपासणारा नेमका उलटा निष्कर्ष काढील. फुप्फुसात अ‍ॅस्परजिलस ही बुरशी पसरलेल्या रुग्णाला ही घट परवडणारी नाही. म्हणूनच ही जोडी निषिद्ध मानली जाते.

तिसरा प्रकार एकमेकांच्या पातळीला हात न लावता एकाच ठिकाणी भार टाकण्याचा. अ‍ॅम्फोटेरिसिन बी हे बुरशीरोधी औषध मूत्रावाटे पोटॅशियम घालवते, दीर्घकाळ घेतलेले जेष्ठमधही तेच करते, आणि पोटॅशियम फार उतरले की हृदयाची लय बिघडते. टर्बिनाफिन या दुसऱ्या बुरशीरोधी औषधामुळे क्वचित यकृताला इजा होते. अश्वगंधा आणि ग्रीन टीचा तीव्र अर्क यांच्या बाबतीतही तशी उदाहरणे नोंदलेली आहेत, त्यामुळे दोन्ही चालू असताना कावीळ झाली तर दोष कोणाचा, हे ठरवणेही कठीण होते.

आणि औषध किंवा पूरक ‘कालच बंद केले’ याला फारसा अर्थ नाही. इट्राकोनॅझोल शरीरातून जायला एक ते दोन आठवडे लागतात, आणि सेंट जॉन्स वर्टने वाढवलेली विकरे पूर्ववत व्हायलाही जवळपास तितकाच अवधी लागतो.

हळदीच्या कॅप्सूलविषयी प्रश्न येणार, हे पहिल्या रांगेतील चेहऱ्यांवरून दिसतेच आहे. (हशा) यकृताच्या तक्रारी नोंदल्या गेलेल्या अशा अनेक कॅप्सूलमध्ये शोषण वाढावे म्हणून मिरीतील पायपरीन घातलेले होते. तेव्हा प्रश्न विचारण्याआधी कृपया डबी उलटी करून बारीक अक्षरे वाचावीत. चष्मा माझ्याकडे आहे.