गुपित सांगण्याआधी

नमस्कार श्रोतेहो. धंद्याची बोलणी सुरू झाली की 'एनडीए'चा, म्हणजे गोपनीयता कराराचा विषय निघतोच. बरेच जण कुठला तरी तयार नमुना घेतात, नावं बदलतात आणि सही करतात. तसं करू नका. का, ते एका खटल्यावरून सांगतो.

1967 साल, देश इंग्लंड. मार्को कोको यांनी मोपेडचं इंजिन तयार केलं होतं. ते बनवण्यासाठी क्लार्क नावाच्या कंपनीशी एप्रिलमध्ये बोलणी सुरू झाली. कोको आपल्या इंजिनाबद्दल सगळं मोकळेपणानं सांगत गेले. करार मात्र काहीच नाही! जुलैत बिनसलं. कंपनीनं स्वतःची मोपेड काढायचं ठरवलं, नाव 'स्कॅम्प'. कोको कोर्टात गेले. म्हणाले, हे माझ्याच इंजिनावरून घेतलंय.

1968 मध्ये न्यायमूर्ती मेगरी यांनी तीन कसोट्या सांगितल्या. माहिती मुळात गोपनीय हवी, ती विश्वासानं दिलेली हवी आणि परवानगीशिवाय वापरलेली हवी. विश्वासानं दिली, हे त्यांनी मानलं, कागद नसतानाही! पण नेमकं काय गुप्त होतं, याचा पुरावा कमी पडला. तात्पुरता मनाईहुकूम मिळाला नाही. दर इंजिनामागे 5 शिलिंग वेगळ्या खात्यात भरण्याची हमी कंपनीनं दिली, तेवढंच. इतक्या कष्टाचं इंजिन, आणि हातात एवढंच, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून, नेमकं काय गुप्त ते लिहा. पुन्हा सांगतो, नेमकं काय ते लिहा.

आता करार कोणता? फक्त तुम्हीच सांगणार असाल, तर एकतर्फी. भागीदारी किंवा कंपनीच्या खरेदीची बोलणी असतील, दोघंही कागद उघडणार असतील, तर परस्पर करार. बाहेरून काम करून देणाऱ्यासाठी एकतर्फीच, पण काम संपल्यावर फायली परत करण्याचं कलम हवं. गुंतवणूकदार बहुधा सहीच करत नाहीत. तिथं पहिल्या भेटीत गाभ्याची गोष्ट बोलू नका.

नोकराकडून 'जे जे कळेल ते सारं जन्मभर गुप्त' असं लिहून घेणं मला अन्यायाचं वाटतं. अंगात मुरलेलं कसब माणसाचं स्वतःचं असतं, ते मालकाचं कसं होईल?

आधीच जाहीर असलेली आणि समोरच्याला आधीपासून ठाऊक असलेली माहिती करारातून वगळा. मुदतही घाला. आणि हे सगळं पहिल्या बैठकीच्या आधी, बैठकीनंतर नव्हे.